रात्री नेमकं चावतंय काय? आधी किडा पकडा, औषध नंतर

प्रश्न डोंबिवलीहून आला आहे. थोडक्यात असा: "तीन आठवड्यांपासून माझ्या मुलीच्या दंडावर आणि पाठीवर सकाळी लाल गांधी उठलेल्या दिसतात, कधी तीन-चार एका ओळीत. तिच्या शेजारी झोपणाऱ्या माझ्या नवऱ्याला काहीच नाही. सासूबाई म्हणतात डास, शेजारीण म्हणते ढेकूण, डॉक्टरांनी 'कीटकदंश' लिहून मलम दिलं. बेडरूमच्या खिडकीत एसीमागे कबुतरांचं घरटं होतं, ते महिन्यापूर्वी काढलं. पंधरा दिवसांपूर्वी पेस्ट कंट्रोल करून घेतलं. आठ दिवस बरं गेले, मग पुन्हा सुरू. आता काय करावं?"

ताई, मी ठाणे-कल्याण पट्ट्यात २७ वर्षं पेस्ट कंट्रोलचं काम करतोय. सुरुवात पाठीवर पंप घेऊन केली, आज हाताखाली चार पोरं आहेत, तरी ढेकणाचं काम असलं की मी स्वतः जातो. झुरळाच्या कामात कुचराई झाली तर गिऱ्हाइकाचा फोन महिन्याने येतो, ढेकणाच्या कामात आठव्या-दहाव्या दिवशी. तुम्हालाही आठच दिवस बरं वाटलं ना? तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या आठ दिवसांत आहे. त्याकडे येतोच.

त्याआधी एक गोष्ट मान्य करून टाकू. गांध बघून किडा सांगता येत नाही. मला येत नाही, आणि डॉक्टरांनी नुसतं 'कीटकदंश' लिहिलं तेही प्रामाणिकच आहे. गांध म्हणजे किड्याच्या लाळेवर आपल्या कातडीने केलेला आरडाओरडा. कुणाची कातडी ओरडते, कुणाची गप्प बसते. एकाच गादीवर झोपलेल्या नवरा-बायकोत एकाचं अंग गांधींनी भरलेलं आणि दुसरा कोरा, हे मी शेकडो घरांत पाहिलंय. कोऱ्या माणसालाही ढेकूण चावतच असतात, त्याच्या अंगावर फक्त खूण उठत नाही. पहिल्यांदाच चावा बसला असेल तर गांध यायला काही दिवसही लागू शकतात. त्यामुळे 'काल अमुक ठिकाणी बसले आणि आज गांधी आल्या' हा हिशेबही फसवा. 'तिचं रक्त गोड आहे म्हणून तिलाच चावतात' हे तर सोडूनच द्या.

ओळीत चावे आले म्हणजे ढेकूण, असं आमच्या धंद्यातले लोकही छातीठोकपणे सांगतात. ढेकूण चावता चावता माणूस हलला की तो सोंड काढतो, दोन पावलं पुढे जातो, पुन्हा टोचतो. म्हणून ओळ पडते, हे खरं. पण पिसवाही तीन-चार चावे जवळजवळ घेतात. ओळ हा सुगावा झाला, पुरावा नाही. पुरावा म्हणजे किडा.

तर आज रात्री हे करा. गादीवर पांढरी किंवा अगदी फिक्या रंगाची चादर घाला. पहाटे तीन-चारच्या सुमाराला गजर लावून उठा, दिवा न लावता मोबाईलचा टॉर्च थेट गादीच्या कडेवर मारा. मुलीच्या उशीखाली, गादीच्या शिवणीत, भिंतीला टेकलेल्या बाजूला. शिवणीतून जुनं एटीएम कार्ड फिरवा, आत काही असेल तर बाहेर पडतं. जे सापडेल त्यावर चिकटपट्टी दाबून ती पांढऱ्या कागदावर लावा. चिरडू नका. चिरडलेल्या किड्यावरून मला काहीच सांगता येत नाही.

दिवसा काळे ठिपके शोधा. गादीच्या नाडीवर, पलंगाच्या फळ्यांच्या सांध्यात, स्क्रूच्या भोकाजवळ, बॉलपेनचं टोक टेकवल्यासारखे. ओला कापूस फिरवल्यावर ठिपका तपकिरी-लालसर पसरला तर ती ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. झुरळाची किंवा पालीची घाण अशी पसरत नाही.

आता तुमच्या घरातले संशयित. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली ओळ कबुतरांची आहे. मुंबई-ठाण्यात एसीच्या मागे, बाथरूमच्या खिडकीत, डक्टमध्ये कबुतरं घरटी करतात आणि त्या घरट्यांत पक्ष्यांचं रक्त पिणारे अगदी बारीक कोळीवर्गी किडे असतात. खसखशीच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही लहान. रक्त प्यायले की लालसर-काळे दिसतात, नाहीतर राखाडी. पिल्लं उडून गेली किंवा तुम्ही घरटं काढलं की त्यांचं जेवण बंद होतं आणि ते खिडकीच्या फटीतून आत येतात. लोक घरटं काढतात, खिडकी धुतात, आणि चौथ्या दिवशी फोन करतात की 'काढल्यापासून जास्त चावतंय'. हे किडे माणसावर राहत नाहीत, माणसाच्या रक्तावर त्यांची पैदासही चालत नाही. पाखरू नसेल तर काही आठवड्यांत त्रास आपोआप ओसरतो. घरटं काढायचं तर रिकामं झाल्यावर काढा, नाका-तोंडाला मास्क लावून, पिशवीत बांधून. त्याच दिवशी ती जागा धुवा, चौकटीच्या फटींत औषध मारा आणि जाळी बसवा. जाळी नाही बसवली तर पुढच्या महिन्यात दुसरी जोडी हजर.

तुमच्याकडे घरटं काढून महिना झाला, आणि त्रास कमी व्हायच्या ऐवजी फवारणीनंतर आठ दिवस थांबून पुन्हा उसळला. हे त्या बारीक किड्यांच्या वागण्याशी जुळत नाही. ढेकणाशी मात्र अगदी बरोब्बर जुळतं.

ढेकूण म्हणजे काय चीज आहे ते जरा जवळून बघा. पूर्ण वाढलेला ढेकूण सालासकटच्या अख्ख्या मसुराएवढा, तसाच चपटा, रंगही तसाच. रक्त प्यायल्यावर तो फुगून लांबट आणि गडद लाल होतो. नुकतं फुटलेलं पिल्लू मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं, गव्हाच्या काडीच्या रंगाचं, जवळजवळ पारदर्शक. म्हणूनच लोक मोठे ढेकूण मारतात आणि पिल्लं नजरेतून सुटतात. अंडं रव्याच्या कणाएवढं, पांढरं, फटीत डिंकाने चिकटवल्यासारखं. झाडून पडत नाही. आपल्या हवेत ते आठवड्या-दहा दिवसांत फुटतं. पिल्लू पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक कातीआधी त्याला एकदा तरी पोटभर रक्त लागतं. पाच-दहा मिनिटांत पिऊन होतं, की परत फटीत. पंख नाहीत, उडी नाही, नुसता चालतो. पण उपाशी काही महिने काढू शकतो, त्यामुळे 'घर दोन महिने बंद ठेवलं, ढेकूण मेले असतील' हा हिशेब चालत नाही. गाभण मादी एकटी आली तरी संसार उभा राहतो.

आपल्याकडे जो सर्रास सापडतो तो उष्ण प्रदेशातला ढेकूण, शास्त्रीय नाव सायमेक्स हेमिप्टेरस. थंड देशांत प्रामुख्याने त्याचा भाऊबंद, सायमेक्स लेक्टुलॅरियस. हा फरक पुस्तकी वाटेल, पण परदेशी व्हिडिओ बघून लोक पलंगाच्या पायाखाली गुळगुळीत प्लास्टिकच्या वाट्या ठेवतात आणि निर्धास्त झोपतात, तिथे तो आडवा येतो. त्यांचा ढेकूण गुळगुळीत भिंतीवरून घसरतो. आपल्या ढेकणाच्या पायांची पकड जास्त चांगली असते, तो चढून जातो. म्हणून आपल्याकडे वाटीच्या तळाशी साबणाचं पाणी हवंच. आपल्या आज्या दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायच्या, मुंग्यांसाठी. तीच युक्ती, फक्त पाण्यात साबण.

आता त्या आठ दिवसांचं. पंधरा दिवसांपूर्वी फवारणी झाली तेव्हा समोर सापडले ते मोठे ढेकूण मेले. अंड्यांच्या कवचातून बहुतेक औषधं नीट आत जात नाहीत. आठवड्याने अंडी फुटली, भुकेली पिल्लं बाहेर आली. तुमच्या पेस्ट कंट्रोलवाल्याने दुसरी फेरी १० ते १५ दिवसांनी ठेवली होती का? ठेवली नसेल तर काम अर्धंच झालं. ढेकणाला एका फेरीत 'गॅरंटी' देणारा माणूस एकतर नवखा असतो किंवा फोन न उचलणारा.

दुसरी शक्यता अशी की तुमच्याकडे झुरळांचं जेल लावून गेले असतील. हसू नका, हे रोज होतं. सोसायटीचं वार्षिक कंत्राट असतं, मुलगा येतो, स्वयंपाकघरात जेलचे ठिपके देतो, 'बेडरूममध्येही मारलंय' म्हणून सही घेऊन जातो. झुरळ, मुंगी आमिष खातात, म्हणून जेल चालतं. ढेकूण रक्ताशिवाय काहीच खात नाही. त्याला जेल, बोरिक पावडरच्या गोळ्या, साखरेत कालवलेलं औषध यांचा काडीचा उपयोग नाही. फक्त रक्तावर जगणाऱ्या कुठल्याच घरगुती किड्याला असं जेवायला बोलावून मारता येत नाही. त्याच्या लपायच्या जागेपर्यंत तुम्हालाच जावं लागतं.

आणि ही लपायची जागा म्हणजे नुसती गादी नव्हे. उमेदवारीच्या दिवसांतली माझीच फजिती सांगतो. कळव्याला चाळीतली एक खोली होती, तिथे एक आजी, मुलगा, सून. मी लाकडी दिवाण उघडून तीनदा फवारला. तीनही वेळा दहा-बारा दिवसांनी ढेकूण परत. चौथ्यांदा गेलो तेव्हा आजी म्हणाल्या, "अरे बाळा, तू येऊन चहा पिऊन जातोस, ढेकूण येऊन रक्त पिऊन जातात. दोघांचं बरं चाललंय." मी खजील होऊन कोपऱ्यात टेकलो तर हात त्यांच्या लोखंडी फोल्डिंग कॉटला लागला. दिवसा ती घडी घालून दारामागे उभी असायची, म्हणून माझ्या डोळ्यात कधी भरलीच नव्हती. पायाचं प्लास्टिकचं बूच उपटलं आणि पोकळ पाइप वर्तमानपत्रावर आपटला. मसूर सांडावेत तसे ढेकूण पडले, त्यांच्यासोबत पिल्लांच्या काती, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या. चारही पायांत तेच. पाइपमध्ये उकळतं पाणी ओतलं, नंतर औषध, बुचं नवी बसवली. त्या घरातून पुन्हा फोन आला तो थेट नातवाच्या बारशाला.

तेव्हापासून मी गादीच्या आधी पोकळ वस्तू बघतो. फोल्डिंग कॉट, पडद्याचा रॉड, पलंगाच्या उशाशी भिंतीत ठोकलेला प्लायवूडचा पॅनेल, स्विचबोर्डाचं झाकण, भिंतीवरचं घड्याळ, कॅलेंडरची पट्टी, फोटोफ्रेमची पाठ. सोफा उलटा करून खालचं काळं कापड बघा. बॉक्स बेड असेल तर आतलं सामान सगळं बाहेर आल्याशिवाय फवारणीला हो म्हणू नका. लग्नात मंडपवाल्याकडून भाड्याच्या गाद्या आणल्या होत्या का, जुनं फर्निचर घेतलं का, मुलगा हॉस्टेलवरून बॅग घेऊन आला का, गावी जाताना स्लीपर डब्यात बॅग सीटखाली होती का, हे मी विचारतो तेव्हा लोकांना वाटतं चौकशी चाललीय. पण ढेकूण आपल्या पायांनी फार लांब जात नाही. तो सामानातून येतो, नाहीतर शेजारच्या फ्लॅटमधून वायरिंगच्या पाइपातून किंवा भिंतीच्या फटीतून.

शेजाऱ्यांवरून आठवलं. ढेकूण झाले म्हणजे घर गलिच्छ, ही समजूत इतकी घट्ट आहे की लोक मला सांगतात, 'गाडी लांब लावा, बोर्ड असलेला शर्ट घालू नका.' ढेकणाला घाणीशी देणंघेणं नाही, उबदार अंग आणि श्वास हवा. २०२३ मध्ये पॅरिसमध्ये ढेकणांवरून जगभर बातम्या झाल्या, तिथली हॉटेलं काही उकिरड्यावर नव्हती. या लाजेपायी वरच्या मजल्यावरचे गप्प, खालच्या मजल्यावरचे गप्प, आणि ढेकूण दोन्हीकडे. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्यांना स्पष्ट विचारा. त्यांच्याकडेही असतील तर दोन्ही घरं एकाच आठवड्यात करून घ्या, नाहीतर पैसे पाण्यात.

आता उपाय, आणि इथे माझं मत जरा वेगळं आहे. मी औषध विकून पोट भरतो, तरी सांगतो की ढेकणावर पहिलं औषध उष्णता. ५० अंश सेल्सिअसच्या वर अंडं, पिल्लू, मोठा, कुणीच टिकत नाही. चादरी, उशांचे अभ्रे, पडदे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. धुता येत नाही त्या कपड्यांच्या शिवणींवरून कडक इस्त्री फिरवा. गादीच्या शिवणी आणि पलंगाच्या सांध्यांवरून कपड्यांचा स्टीमर सावकाश फिरवा, घाईने फिरवला तर वरचं कापड गरम होतं आणि आतला ढेकूण आत सरकतो. लोखंडी कॉटला उकळतं पाणी. मुलीची मऊ खेळणी, पुस्तकं डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर किमान चार दिवस, घरच्या फ्रिजच्या फ्रीजरचा भरवसा नसेल तर आठ-दहा दिवस.

गादी उन्हात टाकणं हा आपला पिढीजात उपाय, पण त्याच्यावर विसंबू नका. वरच्या बाजूला चटका बसतो, ढेकूण शांतपणे खालच्या सावलीत उतरतात. संध्याकाळी गादी आत, तेही आत. उन्हात टाकायचीच तर दर तासाला उलटा, काठीने आपटा, आणि खाली पांढरं कापड अंथरा म्हणजे काय पडतंय ते दिसेल.

औषध लागतंच, पण ते फटींत जायला हवं. खोलीभर हवेत फवारा मारणं, धूर करणं, डबा फोडून दार लावून जाणं, यातलं काहीच फटीच्या आत पोहोचत नाही. उलट ढेकूण बिथरून बाजूच्या खोलीत पांगतात. महापालिकेच्या डासांच्या धुराने ढेकूण मरतील ही आशा तर सोडाच. दुकानातल्या स्प्रेच्या डब्यांत बहुतेक पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात आणि त्यांना ढेकूण पिढ्यान्‌पिढ्या सरावलेत. ही नवी गोष्ट नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं तेव्हा ढेकूण संपले असं जगाला वाटलं, काही वर्षांतच डीडीटीला न मरणारे ढेकूण दिसू लागले. तेव्हा पेस्ट कंट्रोलवाला निवडताना तीन प्रश्न विचारा: परवाना आहे का, औषधाचं नाव काय, दुसरी फेरी कधी. मागच्या वेळी वापरलेलं औषध चाललं नाही तर वेगळ्या गटातलं आणायला सांगा, तेच दुप्पट मारायला सांगू नका. ज्या पृष्ठभागावर मुलगी झोपते त्याच्यावर औषध नको. तिथे वाफ, शिवणींत आणि फळ्यांत औषध. वाळेपर्यंत चार-सहा तास खोली बंद, नंतर पंखे लावून हवा खेळवा.

एक चूक हमखास होते. चावे सुरू झाले की घरचे हॉलमध्ये झोपायला जातात. भुकेला ढेकूण तुमच्या मागे हॉलमध्ये येतो, आणि एका खोलीचं दुखणं दोन खोल्यांचं होतं. बेडरूममध्येच झोपा. पलंग भिंतीपासून वीतभर ओढा, चादर जमिनीला लागू देऊ नका, पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या. गादी फेकायची घाईही करू नका. नवी गादी जुन्या पलंगावर आली की आठवड्यात तीही जुनी, आणि तुम्ही जिन्यातून ओढत नेलेली गादी मजल्यामजल्यावर ढेकूण वाटत जाते.

आता एक गोष्ट हात जोडून सांगतो. धान्यात टाकायच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, ढेकणांसाठी घरात कधीही ठेवू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. हवेतल्या दमटपणाने त्यातून फॉस्फिन वायू निघतो. तो भिंतीच्या फटींतून, डक्टमधून शेजारच्या घरात जातो. झोपेत माणसं गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, आणि कधीकधी मेलेले लोक औषध लावणाऱ्या घरातलेही नसतात. त्यावर उतारा नाही. तसंच डायक्लोरव्हॉस, जुन्या लोकांना 'नुवान' म्हणून माहीत असलेलं. ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर देशात बंदी आहे. कुणाच्या माळ्यावर जुनी बाटली असेल तर ती वापरू नका. गादीवर रॉकेल किंवा सॅनिटायझर शिंपडणं म्हणजे ढेकणांसाठी घर पेटवणं.

एक दिलासा. ढेकूण माणसाला एखादा रोग लावतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. खाज, खाजवून झालेली जखम, आणि झोपेचं खोबरं, एवढंच. रक्त पिणाऱ्यांत सगळ्यात जास्त बदनाम तो, पण सगळ्यात घातक डास. माझ्याकडे एका ढेकणासाठी रात्री अकराला फोन येतात, आणि त्याच घराच्या गॅलरीत मनी प्लँटच्या बाटलीत अळ्या वळवळत असतात. डेंग्यूचा पट्टेरी डास दिवसा चावतो आणि स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला सुकलेली महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून पाणी नुसतं ओतून चालत नाही, कडा घासायच्या. तुमच्या मुलीला दिवसा पायांवर चावे असतील तर आधी गॅलरी आणि फ्रिजच्या मागचा ट्रे बघा.

पिसवांचं सांगायचं तर, जिन्यात किंवा माळ्यावर मांजर व्यायली होती का? मांजर पिल्लं घेऊन गेली की पिसवा मागे राहतात आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चावतात, क्वचितच वर. पांढरे मोजे घालून खोलीत चाला, काळे ठिपके उड्या मारताना दिसतील. पिसवांचे कोश महिनोन्‌महिने शांत पडून राहतात आणि पावलांच्या हादऱ्याने फुटतात, म्हणून मे महिन्यात गावाहून परतल्यावर बंद घरात पहिल्याच दिवशी झुंड अंगावर येते. कुत्र्यासाठी आणलेलं पर्मेथ्रिनचं औषध मांजराला कधी लावू नका, मांजर मरतं.

पिसू म्हटलं की आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांना प्लेग आठवतो, आणि चुकीचा आरोपी धरला की काय होतं ते त्यात दिसतं. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उघड झाला. घरं धुतली, कार्बोलिक हे जंतुनाशक ओतलं, सामान जाळलं, पुण्यात घरझडत्या झाल्या. उंदरावरची पिसू हा दुवा पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवला तो १८९८ मध्ये. आजही उंदीर मारल्यावर मेलेला उंदीर घरात राहू देऊ नका, अंग गार पडलं की पिसवा उतरून दुसरं अंग शोधतात. आणि आसपास उंदीर आपोआप पटापट मरून पडायला लागले तर मला नको, आरोग्य विभागाला कळवा.

कुत्रा असेल तर गोचीड. आठ पाय, पिण्याआधी तिळासारखा, पिऊन झाल्यावर फुगलेल्या राखाडी मण्यासारखा. भिंतीवर चढतो, छताच्या कोपऱ्यात अंडी घालतो, तीही हजारोंनी. अंगाला चिकटला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा. चटका देणं, तेल ओतणं, पिळणं नको. सिंधुदुर्गात आणि गोव्यात माकडतापामुळे गोचिडाचं नाव काढलं की लोक घाबरतात, ते बरोबरच आहे, पण तो जंगलातला गोचीड, काजूच्या बागेत आणि रानात जाणाऱ्यांना लागणारा. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड वेगळा.

उवांसाठी फवारणी मागू नका. ऊ डोक्यावर राहते, गादीत नाही. डोक्यावरून खाली पडली की एक-दोन दिवसांत मरते. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध, आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा एकदा, आणि मधल्या दिवसांत बारीक फणी. डोक्याला रॉकेल लावू नये हे आज सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

एक शेवटची तपासणी. घरात सगळ्यांनाच रात्री खाज येते का, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला? तसं असेल तर ती खरूज, आणि ते माझं काम नाही, डॉक्टरांचं. पावसाळ्यात नव्या भिंतीवर बुरशीपाशी फिरणारे फिकट बारीक किडे चावत नाहीत. आणि रात्रीतून कातडीवर भाजल्यासारखा लांब पट्टा उठला तर तो दिव्यावर येणाऱ्या किड्याच्या अंगातल्या रसाचा, चाव्याचा नव्हे.

तर ताई, आज रात्री चिकटपट्टी घेऊन पहाटे उठा. ढेकूण सापडला तर आधीच्याच माणसाला बोलवा, दुसरी फेरी त्याच्याकडून वसूल करा, फक्त या वेळी त्याच्यासमोर पलंगाची प्रत्येक फळी उघडून घ्या आणि पोकळ असेल ते सगळं दाखवा. सापडलेल्या किड्याची पट्टी त्यालाही दाखवा. फवारणीनंतर वाट्यांतलं पाणी दर दोन दिवसांनी बदला आणि काय पडलंय ते मोजून कॅलेंडरवर लिहा. तिसऱ्या आठवड्यात एखादं पिल्लू दिसलं तर तिसरी फेरी. काहीच नाही दिसलं आणि मुलगी नीट झोपू लागली तरी वाट्या आणखी दोन महिने तिथेच राहू द्या. पाहुणे विचारतील, सांगा मुंग्यांसाठी आहेत.